पाळणा हलण्याआधीची शिकवण

सन १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे डॉ. सिसिली विल्यम्स यांचे भाषण झाले. विषय होता 'दूध आणि खून'. नाव भडक वाटेल, पण बाईंनी पाहिलेले तसेच होते. परिचारिकेसारखा वेष केलेल्या विक्रेत्या बाळंतिणींच्या घरी जात आणि डब्यातले गोड आटीव दूध गळी उतरवीत. आईचे दूध आटे, डबा परवडेनासा होई आणि बाळे दगावत. पुढे जपानी अंमलात बाई चांगीच्या कैदेत पडल्या. तिथे जन्मलेली वीस बाळे आईच्याच दुधावर राहिली व वीसही जगली, असे त्या सांगत.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता केली; भारतात १९९२ साली कायदा झाला. पण घरातल्या गैरसमजांना कायदा कसा पुरणार?

पहिलटकरणीची खरी परीक्षा पहिल्या तीन-चार दिवसांत होते. चीक थेंब-थेंबच येतो, बाळ रडते आणि कोणीतरी म्हणते, "हिला दूधच नाही!" मग बाटली येते. बाळ आईला कमी ओढते, म्हणून दूधही कमीच येते. शिकण्याची ती वेळ नव्हे. म्हणूनच इथल्या रुग्णालयांत गरोदरपणीच याचे वर्ग भरतात.

या वर्गाला पतीने जावेच. गावाहून बाळंतपणाला येणाऱ्या आजींनाही आधीच सारे सांगावे, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाहीत. चीक पिळून टाकू नये. रोगांशी लढण्याची बाळाची ती पहिली शिदोरी. शक्यतो पहिल्या तासातच बाळाला पाजायला घ्यावे. मध चाटवू नये. वर्षाच्या आत त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हे नेहमीचेच. आठवड्याच्या बाळाने दिवसाला सहा लंगोट ओले केले, वजनही वाढू लागले, की दूध पुरते आहे असे समजावे. नाहीतर डॉक्टरांना विचारावे.

आजींचे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल चालू द्या. बाळंतिणीला पोषण हवेच, पण धीर आणि झोपही हवी. रात्रीचे लंगोट बदलणे बाबांकडे द्यावे. आणि एखादीला पाजणे जमलेच नाही, तर तिला बोल लावू नये. कांडांग करबाऊच्या रुग्णालयात २०१७ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बाळांसाठीच.

बारशाची यादी करायला पुष्कळ वेळ आहे. सातव्या महिन्यात आधी या वर्गात नाव घाला.