मूठभर बियांवर पोत्याचा भाव

फेब्रुवारी ते मे हा कोकणात काजू बी विकण्याचा हंगाम. व्यापारी वरच्या पोत्यात हात घालतो, आठ-दहा बिया कापून बघतो आणि भाव सांगतो. समजा, त्या मालात शंभरामागे दहा बिया खराब आहेत. दहाच बिया कापल्या, तर त्यांत एकही खराब न निघण्याची शक्यता ३५ टक्के असते. म्हणजे तिघांतल्या एकाला तोच माल निर्दोष वाटेल आणि ज्याच्या हाती तीन खराब बिया लागतील, तो भाव पाडून मागेल.

शंभर बिया कापल्या की उत्तर बहुधा ४ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान येते, चारशे कापल्या की ७ ते १३. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट हवा. माल पन्नास पोती आहे की पाचशे, याने फारसे बिघडत नाही. हे चटकन पटत नाही, पण गणित तसेच आहे.

रीतसर तपासणीत किलोभर बी कापतात. चांगल्या गराचे वजन पूर्ण धरतात, डागी आणि सुरकुतलेल्याचे निम्मे, किडक्या-पोचटाचे शून्य. २६० ग्रॅम चांगला आणि ३० ग्रॅम डागी गर निघाला, तर हिशेबाला २७५ ग्रॅम. ८० किलोच्या पोत्यामागे साडेअठ्ठेचाळीस पौंड. व्यापार याच पौंडांत बोलतो. मात्र वेंगुर्ला-४ च्या किलोभरात सुमारे १३० बिया भरतात, वेंगुर्ला-७ च्या शंभरच. टपोऱ्या जातीला तेवढ्याच खात्रीसाठी जास्त वजन कापायला हवे, आणि हे माझ्या मते बागायतदाराने हक्काने मागावे.

हे सारे गणित नमुना सरमिसळ असेल तरच खरे. टेम्पोत हादरे बसले की बारीक बी खाली सरकते, टपोरी वर येते. ओल धरते ती जमिनीला टेकलेल्या पोत्यात. एकाच पोत्यातली पाचशे बी त्या पोत्याचीच हकीकत सांगेल. म्हणून अनेक पोत्यांतून, वरून-मधून-तळातून थोडे थोडे काढावे, ढीग कालवून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि किलोभर उरेपर्यंत हेच करत राहावे.

भुईमुगातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाला मात्र एवढेही पुरत नाही. ते मोजक्याच दाण्यांत, पण प्रचंड प्रमाणात साठलेले असते. त्यामुळे युरोपीय संघाच्या नियमांनुसार मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणचे मिळून वीस किलो दाणे घेतात आणि दळून तपासतात.