ओव्या जपायच्या तर…

सासूबाईंचा गळा शाबूत आहे तोवर त्यांच्या जात्यावरच्या ओव्या घरीच रेकॉर्ड करायच्या, असं मी ठरवलं. दुकानदार महागडं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारत होता; पण मैत्रिणींनो, आवाजाच्या कामाला ते लागतच नाही! १६ जीबी रॅम, आवाज न करणारा एसएसडी आणि माइक जोडायला ऑडिओ इंटरफेस एवढं पुरलं. पंख्याची घरघर नको म्हणून कॉम्प्युटर माइकपासून लांब ठेवला. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून आला, की सासूबाई अडखळत. मग बफर १०२४ वरून १२८ वर आणला. ४४,१०० सॅम्पल रेटला एका बफरचा उशीर २३ मिलिसेकंदांवरून जेमतेम ३ वर येतो, बरं का!

परवा स्वतःचीच ओवी ऐकून सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर माझ्या आईचा गळा!”