भायखळ्याला उतरा!

सव्वादोन रुपये! शंभरातले फक्त सव्वादोन! १९७३-७४ साली दोन लाखांवरच्या उत्पन्नातल्या प्रत्येक शंभर रुपयांतून सरकार ९७ रुपये ७५ पैसे कापून घेई. अर्थमंत्री कोण? आपले कराडचे यशवंतराव चव्हाण!

मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. त्या मापाने आपल्या वाट्याला सव्वाचार. व्हीटीला बसा, भायखळ्याला उतरा. पुढचं कल्याण, कर्जत, अख्खा बोरघाट, थेट पुणे स्टेशनापर्यंत सगळं सरकारचं! पन्नास फूट तुडुंब विहीर असेल, तर तळाशी सव्वा फूटही पाणी उरत नाही.

थांबा, संपत्ती कर राहिलाच! पंधरा लाखांवरच्या मालमत्तेवर ८ टक्के. समजा, मालमत्ता एक कोटीची आणि उत्पन्न दहा लाख. वरच्या आठ लाखांवर आयकर ७ लाख ८२ हजार. संपत्ती कर ६ लाख ८० हजार. कमाई दहा लाख, कर साडेचौदा लाख! आणि खालच्या दोन लाखांवरचा आयकर यात धरलेलाच नाही! अखेर १९७४ साली चव्हाणांनीच आयकराचा तो दर ७७ टक्क्यांवर आणला.

मग पळाले का श्रीमंत? आपला धाराशिव जिल्हा ज्याच्या नावाने उस्मानाबाद झाला, तो सातवा निजाम मीर उस्मान अली. १९३७ साली ‘टाइम’ने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याला मुखपृष्ठावर छापलं. त्याचा नातू मुकर्रम जाह कर, कोर्टकज्जे आणि हजारो आश्रितांच्या खर्चाला विटला आणि सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळू लागला. निजामाचा पैसा तर १९४८ मध्येच लंडनला पोचला होता. दहा लाख पौंडांचे २०१९ पर्यंत साडेतीन कोटी झाले. पस्तीसपट! म्हणजे तीनशे कोटींहून अधिक रुपये. पाचशेच्या नोटा टोकाला टोक लावून अंथरल्या, तर मुंबई-पुणे-मुंबई दोन फेऱ्या होऊनही सव्वाशे किलोमीटर उरतात!

पण सगळेच असे निघतात? समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोबल यंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतली तेरा वर्षांची साडेचार कोटी करविवरणपत्रं तपासली. वर्षाला दहा लाख डॉलर कमावणाऱ्या शंभरांतले २.४ जण दरसाल राज्य बदलतात. तळाच्या गरिबांतले ४.५! रेल्वेचा ७२ बर्थांचा डबा धरा. धनिकांच्या डब्यातून दोघंही पुरते उतरत नाहीत. गरिबांच्या डब्यातून तिघं खाली!

आणि आपल्याकडे? दसरा-दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परंड्यातले कोयते निघतात. मराठवाड्यातले असे ऊसतोड कामगार लाखोंच्या घरात. त्यातले फक्त एक लाख मोजा. चोवीस डब्यांच्या गाडीत १,७२८ माणसं, म्हणजे खच्चून भरलेल्या ५८ गाड्या! यातल्या कुणाला आयकराची नोटीस आलेली नसते. अंगावर असते ती मुकादमाची उचल. कराला विटून गेलेला निजामाचा नातू एक; उचल फेडायला निघालेल्यांच्या गाड्या अठ्ठावन्न, आणि हा हिशेब फक्त पहिल्या लाखाचा!