वर्षभर आपण काय ऐकले?

श्रोतेहो, हिशेब करण्याची आपली रीत जुनी आहे. वाणी दिवाळीला वहीपूजन करतो, शेतकरी खळे उरकल्यावर पोती मोजतो आणि आम्ही मास्तर लोक परीक्षा संपल्या की निकालपत्रके भरीत बसतो. पण वर्षभरात आपण कोणते गाणे किती वेळा ऐकले, याचा हिशेब कुणी कधी ठेवला होता काय? आता तोही ठेवला जातो. डिसेंबर उजाडला की आमच्या कॉलेजातली मुले फोन काढून एकमेकांना दाखवू लागतात, “सर, माझा पहिला नंबर बघा!” हा पहिला नंबर परीक्षेतला नव्हे, तो गाण्याचा असतो. हा हिशेब कोण ठेवतो, तो कुठे सापडतो आणि तो वाचायचा कसा, एवढेच आज सांगायचे आहे.

एके काळी असा हिशेब साऱ्या देशाचा मिळून होत असे. १९५२ सालच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांनी ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पत्रे यांवरून गाण्यांचा क्रम लागे, आणि वर्ष सरताना साऱ्या वर्षाची माळ ओवली जाई. त्या यादीत आपले आवडते गाणे कितव्या पायरीवर आले, हे ऐकायला घरे आणि हॉटेले भरून जात. मात्र पत्र लिहिल्याखेरीज तुमची आवड कुणाला कळत नसे. रेडिओची गोष्टच अशी की, तो बोलतो, पण कोण ऐकतो आहे हे त्याला दिसत नाही. मी हे सांगत असताना तुम्ही रेडिओ बंद केलात, तरी मला त्याचा पत्ता लागणार नाही!

फोनवरच्या गाण्याचे तसे नाही. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक या सेवांवर गाणे बहुतेक वेळा आपल्या फोनमध्ये नसते. ते कंपनीच्या संगणकावर असते आणि आपण बोट लावले की पाटाच्या पाण्यासारखे वाहत येते. पाटावर पाटकरी असतो. कुणाच्या रानात कधी पाणी गेले, हे त्याच्या वहीत लिहिलेले असते. इथे तो पाटकरी म्हणजे कंपनीचा संगणक. तुम्ही कोणते गाणे केव्हा लावले, किती वेळ चालू दिले, मध्येच सोडलेत की शेवटपर्यंत नेलेत, ते सारे तो टिपून ठेवतो. वर्षअखेर त्याच वहीतून चार ठळक गोष्टी काढून तुमच्यापुढे ठेवतो.

ही कल्पना कंपन्यांच्या आधी एका विद्यार्थ्याला सुचली होती. २००२ साली इंग्लंडातल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात रिचर्ड जोन्स या तरुणाने संगणकावर वाजणाऱ्या गाण्यांची नोंद ठेवणारी ऑडिओस्क्रॉबलर नावाची योजना तयार केली. पुढे ती लास्ट एफएम या संकेतस्थळात मिसळली. स्पॉटिफाय ही स्वीडनमधील स्टॉकहोम येथे २००६ मध्ये स्थापन झालेली कंपनी. तिने २०१५ साली आपल्या ऐकणाऱ्यांना वर्षाचा गोषवारा दिला आणि २०१६ पासून त्याला ‘रॅप्ड’ हे नाव पडले. भारतात ही सेवा २०१९ च्या फेब्रुवारीत आली. ॲपलच्या गोषवाऱ्याला ‘रिप्ले’ म्हणतात, यूट्यूब म्युझिकच्या गोषवाऱ्याला ‘रीकॅप’.

आता तो सापडतो कुठे? स्पॉटिफायचा गोषवारा नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत निघतो. २०२३ साली तो २९ नोव्हेंबरला निघाला, २०२४ साली ४ डिसेंबरला. त्या सुमारास फोनमधले ॲप अद्ययावत करून घ्यावे, म्हणजे पहिल्याच पानावर तो दिसतो. न दिसल्यास शोधाच्या चौकटीत इंग्रजीत रॅप्ड हा शब्द घालावा. पण सावध! हे स्पेलिंग ‘आर’ने सुरू होत नाही. डब्ल्यू, आर, ए, पी, पी, ई, डी असे ते आहे. त्यासाठी पैसे भरलेले खाते लागत नाही, फुकटच्या खात्यालाही गोषवारा मिळतो. मात्र वर्षात दोनचारच गाणी ऐकली असतील, तर हिशेब करण्याइतका ऐवज नसल्याने तो येत नाही. यूट्यूब म्युझिकवर वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवले की रीकॅपची वाट सापडते. ॲपल म्युझिकमध्ये पहिले पान खाली सरकवत गेले की रिप्ले दिसतो.

काही आठवड्यांनी स्पॉटिफायची ही रंगीत पाने निघून जातात. तुमच्या सर्वाधिक वाजलेल्या शंभर गाण्यांची यादी तेवढी मागे राहते. पण मूळ वही हवी असेल, तर तीही मागता येते. संकेतस्थळावर आपल्या खात्यात गेल्यावर गोपनीयतेचे पान असते. तिथे मागील वर्षाची नोंद मागितली तर ती काही दिवसांत मिळते. खाते उघडल्यापासूनची सगळी नोंद हवी असेल, तर महिनाभर थांबावे लागते. ज्याला आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे हे पाहायचे असेल, त्याने एकदा तरी ती मागवून पाहावी. किती बारकाईने लिहिलेले असते ते कळेल!

इथवर वाटेची माहिती झाली. आता एक अनुभव सांगतो.

गेल्या डिसेंबरात माझ्या वर्गातल्या मुलांनी आपापल्या याद्या एकमेकांना दाखवल्या. हसणे-खिदळणे चालले होते. एक मुलगी मात्र फोन पालथा ठेवून गप्प बसली होती. तास संपल्यावर मी सहज विचारले, तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “सर, माझी यादी दाखवण्यासारखी नाही. सगळे हसतील.” तिच्या यादीत पहिल्या पाचांत दोन अभंग, दोन बालगीते आणि एक लावणी होती. खेड्यातले घर, घरात चांगला फोन एकच. पहाटे वडील अभंग लावतात, धाकटा भाऊ जेवताना बालगीत लावल्याशिवाय घास घेत नाही, आणि आई भाकरी थापताना लावणी ऐकते. कॉलेजला येताना तो फोन हिच्या हाती. खाते हिच्या नावाचे, म्हणून यादीही हिच्या नावाची!

मी तिला माझी यादी दाखवली. माझे वर्षातले पहिल्या क्रमांकाचे गाणे होते एक कोळीगीत. स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम पंधरा दिवस माझ्या फोनवर चालली होती, त्याचा हा प्रताप. ते गाणे मी इतक्या वेळा सोसले आहे की, आता कुठे लागले तर मी उठून बाहेर जातो. तरी कंपनी मला सांगत होती, “हे तुमचे सर्वांत लाडके!” ती मुलगी हसली. मग म्हणाली, “म्हणजे सर, ही माझी आवड नाही, आमच्या घराची आहे.” मला जे तासभर समजावून सांगावे लागले असते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

तेव्हा हा हिशेब वाचताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. त्यात लिहिलेले असते ते वाजलेले, ऐकलेले नव्हे. ऐकणारे कान कुणाचे, हे संगणकाला कळत नाही. घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे असेल तर यादी वेगळी होईल, एरवी ती घराचीच राहणार.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या मापाची. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की एक वेळ मोजली जाते. आता समजा, तुम्ही अर्धा तास एकच ख्याल डोळे मिटून ऐकलात. नोंद पडली एक. शेजाऱ्याने त्याच अर्ध्या तासात तीन-तीन मिनिटांची दहा गाणी लावली. नोंदी पडल्या दहा. पाटकऱ्याने पाण्याच्या पाळ्या मोजल्या, तास मोजले नाहीत, तर असेच होणार. म्हणून मोठे ख्याल, कीर्तने, भारुडे ऐकणाऱ्यांची खरी आवड यादीत खाली घसरते. ऐकलेली एकूण मिनिटे निराळी दाखवलेली असतात, ती पाहावी. १२,००० मिनिटे म्हणजे २०० तास. दिवसाला अर्ध्या तासाहून थोडे अधिक. आकडा मोठा दिसला म्हणून दचकू नये, भागून पाहावे.

तिसरी गोष्ट काळाची. स्पॉटिफायचे हे वर्ष बारा महिन्यांचे नसते. गोषवारा छापायला वेळ लागतो, म्हणून मोजणी जानेवारीत सुरू होऊन वर्ष संपण्याच्या काही आठवडे आधीच थांबते. डिसेंबरात जडलेली आवड या हिशेबात नसते.

आणि चौथी गोष्ट, कंपनी हे सारे निव्वळ आपल्या करमणुकीसाठी करीत नाही. ती रंगीत पाने आपण चार जणांना पाठवतो, तेव्हा तिची जाहिरात होते, तीही फुकट. पाठवू नये असे मी म्हणत नाही. आपण काय करतो आहोत हे जाणून पाठवावे, इतकेच.

राहता राहिले जे कुठल्याच वहीत नाही ते. माझी आई तांदूळ निवडताना जात्यावरच्या ओव्या गुणगुणते. जाते केव्हाच माळ्यावर गेले, पण ओव्या राहिल्या. वर्षभरात मी मनापासून काही ऐकले असेल तर ते. त्याची नोंद शून्य. एसटीत शेजारच्याच्या फोनवर लागलेले गाणे, देवळातला हरिपाठ, लग्नातला बँड, आणि हो, हा रेडिओसुद्धा, यांची नोंद तुमच्याखेरीज कोण ठेवणार?

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवावेसे वाटते. मुलांना एक आठवडा वहीत चार रकाने आखायला सांगा. गाणे कोणते, कुणी म्हटले, कुठे ऐकले, आणि ऐकून काय वाटले. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनाही हे जमेल. किंबहुना त्यांची वही अधिक भरेल. आठवड्याच्या शेवटी वर्गात ती वाचून घ्या. गणिताच्या तासाला बेरीज-सरासरी होईल, मराठीच्या तासाला चार वाक्ये लिहून होतील, आणि एखाद्या मुलाला आपल्या आजीला किती ओव्या येतात हे पहिल्यांदाच कळेल.

त्या मुलीने पुढे काय केले ते सांगून संपवतो. तिने आपली यादी वर्गात दाखवली. दाखवताना प्रत्येक गाण्यापुढे नाव सांगितले, “हे बाबांचं, हे धाकट्याचं, हे आईचं.” शेवटी कुणीतरी विचारले, “आणि तुझं कोणतं?” ती म्हणाली, “माझं अजून यायचंय.”

वर्ग हसला, पण तिला नव्हे, तिच्याबरोबर.