फाइल ‘करप्ट’ झालेली नसते

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त ईमेलने येतं आणि उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. ‘फाइल करप्ट झाली, परत पाठवा’ असा निरोप जातो. परत आलेलीही तशीच दिसते. शेवटी कुणीतरी कागदावर छापून, त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतं. फाइल मात्र पहिल्यापासून धडधाकट होती.

जुने मराठी फॉंट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवत असत. कृतिदेव या फॉंटमध्ये ‘मराठी’ टाइप केलं, की फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं साठतात. ज्या संगणकावर तो फॉंट आहे तिथे ‘मराठी’ दिसतं, नाही तिथे नुसती ती पाच अक्षरं. श्रीलिपीची मांडणी वेगळी, शिवाजीची आणखी वेगळी. याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका फॉंटमध्ये जेमतेम अडीचशे जागा मिळायच्या त्या काळात याच युक्तीवर मराठी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं निघाली. तेव्हा मजकूर कागदावर उमटला की काम झालं होतं. आज तोच मजकूर शोधायचा असतो, फोनवर वाचायचा असतो, दृष्टिहीन माणसाला स्क्रीन रीडरवर ऐकायचा असतो. त्या माणसाला ‘मराठी’ऐवजी ती रोमन अक्षरंच ऐकू येतात, आणि मला हे सर्वांत जास्त टोचतं.

इथे हमखास सल्ला मिळतो, ‘सगळं सिलेक्ट करून मंगल लावा, युनिकोड होईल.’ होत नाही. मंगल हा फॉंट आहे. प्रा. र. कृ. जोशी यांनी तो घडवला आणि विंडोज २००० बरोबर तो आला. युनिकोड हा फॉंट नव्हेच, ती अक्षरांना दिलेल्या क्रमांकांची यादी आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. ‘म’चा क्रमांक कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फॉंटमध्ये तोच राहतो. जुन्या मजकुराला मंगल लावला तर रोमन अक्षरं दिसतील, इतकंच. मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी कन्व्हर्टर लागतो, आणि तोही त्याच जुन्या फॉंटसाठी बनवलेला. शिवाय काम नुसत्या अदलाबदलीचं नाही. ‘दिन’ लिहिताना कृतिदेवमध्ये वेलांटी आधी साठते आणि ‘द’ नंतर. युनिकोडमध्ये ‘द’ आधी, वेलांटी मागाहून. कन्व्हर्टरला हा क्रम जागोजागी फिरवावा लागतो.

म्हणून मराठी ‘बिघडली’ की आधी बिघाडाचं रूप नीट पाहावं. चौकोनी डबे दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या यंत्रावर देवनागरी फॉंट नाही. ‘नोटो’ किंवा ‘मुक्त’ यांसारखा फॉंट टाकला की काम झालं. फॉंट बदलून प्रश्न सुटतो तो बहुतेक एवढ्याच वेळी.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, पाठोपाठ चलनाची खूण, आणि हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा, असं दिसलं तरी घाबरू नये. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटमध्ये साठतं, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते तीन बाइट तीन वेगळी रोमन चिन्हं समजून दाखवले आहेत. सीएसव्ही फाइल डबल-क्लिकने एक्सेलमध्ये उघडली की अनेकदा हेच होतं. ती ‘डेटा’ टॅबमधून आयात करून यूटीएफ-८ निवडलं, की नावं जशीच्या तशी परत येतात. मात्र बिघडलेल्या रूपात फाइल सेव्ह करू नये.

खरी धास्ती प्रश्नचिन्हांची. नावाच्या जागी नुसती ‘?????’ असतील, तर साठवतानाच अक्षरं गेली. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ सेटिंग २०१८च्या ८.० आवृत्तीपर्यंत पश्चिम युरोपीय लिपीची होती, आणि तशा रकान्यात मराठी भरलं की बऱ्याच जुन्या संकेतस्थळांवर प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होऊन बसलं. ते कुठल्याही फॉंटने वा कन्व्हर्टरने परत येत नाही. बॅकअप असेल तरच.

फॉर्म बनवणाऱ्यांचा एक समज मराठी माणसाला रोज नडतो. तो म्हणजे एक अक्षर, एक जागा. ‘ज्ञानेश्वर’ वाचायला चार अक्षरांचं नाव, पण पाय मोडल्याच्या खुणा, काना, मात्रा धरून युनिकोडमध्ये त्याला दहा जागा लागतात आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट. इंग्रजी नावांच्या अंदाजाने मर्यादा घातली की आडनाव मध्येच तुटतं. तुकड्याच्या सुरुवातीला एकटी उरलेली मात्रा मग टिंबांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत १६० चिन्हं मावतात तिथे देवनागरीत ७०.

‘मराठीत सर्च चालत नाही’ हाही गैरसमजच. चालतो, पण डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द आत दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमधल्या स्वतंत्र ‘ऱ’ने लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला स्वतःची जागा २००८मध्ये मिळाली, त्यामुळे ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिण्याची जुनी सवय अजून चालू आहे. युनिकोडचं प्रमाणीकरण केलं की हे आपोआप एक होईल, असं वेब डेव्हलपर धरून चालतात. ते या दोन्ही जोड्या एक करत नाही. सर्चमध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो, चारेक ओळींचा.

युनिकोड छपाईला चालत नाही ही तक्रार पेजमेकरच्या काळात खरी होती. इनडिझाइनमध्ये २०१२पासून देवनागरी जुळते.

जुन्या फाइली आता बदलायला घेणार असाल, तर मूळ प्रत बाजूला ठेवा. कन्व्हर्टर सरसकट सगळं फिरवतो, त्यामुळे मजकुरात मुळातच रोमनमध्ये असलेले ईमेल पत्ते आणि इंग्रजी नावंही देवनागरी होऊन भलतीच वाचली जातात. ‘ळ’, ‘ऱ्या’, रफार आणि आकडे या जागा मूळ छापील प्रतीशी डोळ्यांनी ताडून पाहा. चुका तिथेच सापडतात.