पेंढा नसलेला वाघ

संग्रहालयात काचेआड उभ्या असलेल्या वाघासमोर कुणीतरी पोराला हमखास सांगतं, "पेंढा भरलाय त्यात." टॅक्सिडर्मीला मराठीत हाच अर्थ चिकटला आहे. मूळ ग्रीक शब्दांत मात्र पेंढा नाही. 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी, 'डर्मा' म्हणजे त्वचा.

काम तसंच चालतं. सोलून कमावलेली कातडी प्राण्याच्या स्नायूंबरहुकूम घडवलेल्या साच्यावर चढवतात. साचा आता बहुधा फोमचा असतो. म्हैसूरचे प्रसिद्ध कारागीर व्हॅन इंगेन तो कागदाच्या लगद्याचा करत. डोळे काचेचे. म्हणजे या कामात शिल्पकाराचा हात लागतो, आणि 'पेंढा भरला' म्हणताना नेमकं तेच नजरेआड होतं.

भरण्याची पद्धत जुन्या काळी होतीच. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातला वॉलरस बघावा. जिवंत वॉलरसच्या अंगावर सुरकुत्यांच्या घड्या असतात, हे एकोणिसाव्या शतकातल्या त्या कारागिरांना ठाऊक नव्हतं. शेवटची सुरकुती जाईपर्यंत त्यांनी तो ठासून भरला. आजही तो तसाच टम्म आहे.

टॅक्सिडर्मी म्हणजे ममीही नव्हे. ममीत देह टिकवतात, इथे प्रामुख्याने कातडी. शर्यतीचा घोडा फार लॅप १९३२ मध्ये मेला. त्याची कातडी मेलबर्नला उभी आहे, सांगाडा न्यूझीलंडमध्ये आणि हृदय कॅनबेरात!

टॅक्सिडर्मी म्हणजे शिकाऱ्याचा दिवाणखाना, हेही अर्धंच खरं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वन्यप्राण्यांवर हे काम परवानगीशिवाय करता येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या केंद्रात मरण पावलेल्या प्राण्यांना असं रूप दिलं गेलं आहे.

सर्वांत मोलाचे नमुने मात्र प्रदर्शनात दिसतच नाहीत. पोटात कापूस, पायाला चिठ्ठी, अशा अवस्थेत हजारो पक्षी संग्रहालयांच्या खणांत उताणे पडून असतात. त्यांतल्या एकाशी खानदेशाचं नातं आहे. रानपिंगळा हा छोट्या घुबडाचा प्रकार १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला होता, म्हणून शोध तिकडे भरकटत राहिला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले. माइनर्ट्झहागेनचा पक्षी पक्षीसंग्राहक जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात टिपलेला निघाला. तो संग्रहालयातून लांबवून, उसवून, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. भरण्याची मूळची धाटणी पुरती पुसली गेली नव्हती, तिनेच चोरी पकडून दिली.

शोधाची दिशा बदलली, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांसमोर रानपिंगळा फांदीवर जिवंत बसला होता.