विजेची दुचाकी : घ्यावी की थांबावे?



हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, की आम्ही मंडळी दोन-चार दिवस बाहेर पडतो. या खेपेस पालघर जिल्ह्यातल्या केळव्यास गेलो होतो. पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्टेशनवर उतरले की गाव आणि समुद्र काही किलोमीटर आत आहे. सुरूची झाडे, शितलादेवीचे देऊळ, नारळ आणि पानवेलीच्या वाड्या असा हा मुलूख. समुद्र पाहून डोळे निवले, पण आमची शेतकऱ्याची खोड जाईना. लक्ष गेले ते रस्त्यावर. वाडीतली माणसे आवाज न करणाऱ्या, हिरव्या नंबर पाटीच्या दुचाक्यांवर ये-जा करीत होती. आपल्या गट कार्यालयात हल्ली रोज कोणीतरी विचारतो, "साहेब, बॅटरीची गाडी घेऊ का? उसाचं बिल जमा झालंय." मग ठरवले, जे पाहिले ते या अंकात सभासदांपुढे मांडायचे.

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते वाडीवाले काका पानाचा माल घेऊन पालघरला जातात. मुलगा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. दोघांत मिळून एक विजेची आणि एक जुनी पेट्रोलची गाडी. आम्ही विचारले, "काका, दोन्ही कशाला ठेवल्यात?" काका हसून म्हणाले, "बॅटरीची रोजच्या कामाला, पेट्रोलची अडीनडीला. एकीवर सगळा भरवसा टाकायला मी अजून तयार नाही." आमच्या मते या एका उत्तरात निम्मा लेख आला. उरलेला निम्मा पुढे देतो.

आम्ही स्वतः त्यांची गाडी माहीमपर्यंत चालवून पाहिली. मूठ पिळली की गाडी एकदम उचलते, गिअर नाही, किक नाही, धूर नाही. किनाऱ्याचा रस्ता सपाट, त्यामुळे गाडी लोण्यासारखी चालली. परतताना मात्र समोरून खारा वारा, मागे आमचे वजनदार सहकारी बसलेले. पडद्यावरचा बॅटरीचा आकडा जाताना उतरला त्याहून झपाट्याने उतरला. तेव्हा दुकानदार सांगतो ते किलोमीटर एकट्या माणसाचे, बेताच्या वेगाचे समजावेत. मागे उसाच्या वाढ्यांचा भारा किंवा युरियाची ४५ किलोची गोण असेल तर आकडा बराच खाली येणार. दुकानदाराच्या आकड्यातून चौथा-तिसरा हिस्सा वजा करूनच आपला बेत आखावा.

आता खर्चाचा हिशेब. तो प्रत्येकाने आपल्या घरचे दर घालून करावा, आम्ही नमुन्यादाखल करतो. पेट्रोलची गाडी लिटरला ५० किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे धरू. विजेच्या गाडीला १०० किलोमीटरला साडेतीन युनिट लागतात आणि घरगुती युनिट १० रुपयांना पडते असे धरू. रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. पेट्रोल लागेल १८० लिटर, खर्च १८,९०० रुपये. वीज लागेल ३१५ युनिट, खर्च ३,१५० रुपये. वर्षाला वाचले १५,७५० रुपये. शिवाय ऑईल बदलणे नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही.

पण ज्या सभासदाचे शेत घरापासून चार किलोमीटरवर आहे, जो दिवसाला आठच किलोमीटर फिरतो, त्याचे वर्षाचे २,४०० किलोमीटर होतात. त्याची बचत याच हिशेबाने ४,२०० रुपये. ती गाडी जर पेट्रोलच्या गाडीपेक्षा ३०,००० रुपयांनी महाग पडली, तर वरचे पैसे वसूल व्हायला सात वर्षे लागतील. तोवर बॅटरीची हमी संपत आलेली असेल, आणि या गाडीतली सर्वांत महागाची वस्तू म्हणजे बॅटरीच. जो जास्त फिरतो त्याला ती परवडते. जो कमी फिरतो त्याने शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये. दूध घालणारा, शहरात नोकरीला जाणारा, दिवसभर प्लॉट फिरणारा यांनी जरूर विचार करावा.

जुन्या सभासदांना चेतक आणि लुना आठवत असतील. दोन्ही १९७२ साली बाजारात आल्या. चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे आणि लुनावर तर दुधाच्या किटल्यांपासून कडब्याच्या पेंढीपर्यंत सर्व काही वाहिले गेले. आता दोन्ही नावे विजेच्या रूपात परत आली आहेत, चेतक २०२० साली आणि लुना २०२४ साली. नाव ओळखीचे आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये, इतकेच आमचे सांगणे. जुनी लुना बांधावर पाना घेऊन दुरुस्त होत असे. ही गाडी तशी होत नाही. आमच्या ओळखीच्या एका सभासदाची गाडी एका छोट्या विजेच्या भागासाठी तीन आठवडे दुकानात उभी होती, आणि तोडणी नेमकी त्याच दिवसांत आली. तेव्हा गाडीचा रंग पाहण्याआधी दुरुस्तीचे ठिकाण किती लांब आहे ते पाहावे.

आता जे सांगतो ते घरातल्या बायाबापड्यांनाही वाचून दाखवावे. याच पालघर जिल्ह्यात, वसईत, सप्टेंबर २०२२ मध्ये एका घरात रात्री स्कूटरची बॅटरी काढून दिवाणखान्यात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्या वर्षी देशात इतर ठिकाणीही अशा गाड्या पेटल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून गाडी जुनी, हातातून हात फिरलेली मिळत असेल तर ती कोणत्या साली बनली ते आधी विचारावे. बॅटरी फुटणे हा रोजचा प्रकार नाही, पेट्रोलची गाडीही पेटते. पण पेट्रोलची टाकी आपण उशाला घेऊन झोपत नाही. बॅटरीही घेऊ नये.

पथ्य सोपे आहे. चार्जिंग पडवीत किंवा मोकळ्या जागी, माणसे जागी असताना करावे. दाराच्या वाटेत बॅटरी ठेवू नये, कारण पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. कंपनीने दिलेलाच चार्जर वापरावा आणि बोर्डाला अर्थिंग आहे ना ते वायरमनकडून पाहून घ्यावे. उन्हातून आलेली गाडी निवल्याशिवाय वायर लावू नये. बॅटरी फुगली, वास आला किंवा चटका बसण्याइतकी तापली तर तिला पुन्हा वीज दाखवू नये.

दुसरी गोष्ट, शेतीपंपाच्या जोडावर गाडी चार्ज करण्याचा मोह काहींना होतो. "रानात वीज आहेच की!" असे म्हणतात. बंधूंनो, शेतीपंपाचा जोड पाण्यासाठी दिलेला आहे. मंजूर कारणाशिवाय वापर केला तर वीज कायदा २००३ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाची आकारणी होते. चार रुपये वाचवायला जाऊन पंपावर गदा आणू नये.

तिसरी गोष्ट परवान्याची. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या हलक्या गाडीला नोंदणी आणि परवाना लागत नाही. त्यावरच्या सर्व गाड्यांना नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट सगळे लागते. काही ठिकाणी हळू गाडीचा वेग वाढवून देतो म्हणतात. तसे केले की ती गाडी सवलतीतून बाहेर जाते, आणि अपघात झाल्यास विम्याचा आधारही नसतो. शाळकरी पोराच्या हाती अशी गाडी मुळीच देऊ नये. आणि गाडीला आवाज नसल्याने बैलगाडीवाल्याला, म्हाताऱ्या माणसाला ती येताना कळत नाही. हॉर्न वाजवूनच पुढे जावे.

आता एक प्रश्न आपल्या कारखान्याच्या दृष्टीने. एका सभासदाने सभेत रोखठोक विचारले होते, "आपण इथेनॉल काढायचं, आणि आपणच पेट्रोल सोडायचं? मग आपलं इथेनॉल घेणार कोण?" प्रश्न बरोबर आहे, टाळण्यासारखा नाही. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. वर धरलेल्या १८० लिटर पेट्रोलमध्ये ३६ लिटर इथेनॉल आले. थेट रसापासून काढले तर एक टन उसातून साधारण ७० लिटर निघते, म्हणजे ती गाडी वर्षाला सुमारे अर्ध्या टन उसाचे गिऱ्हाईक होती. एका गाडीने काही बिघडत नाही, पण लाखो गाड्या बदलल्या तर मागणीवर परिणाम होणारच. दुसऱ्या बाजूला उसाच्या वजनाचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग बगॅस निघतो, आणि बगॅसवर सहवीजनिर्मिती करणारे कारखाने हंगामात वीज विकतात. गाडी विजेवर गेली तरी उसाचा संबंध सुटत नाही, फक्त दर आणि वाटा बदलतो. म्हणून सभासदाने आपल्या खिशाचा हिशेब करून गाडी घ्यावी. कारखान्याने मात्र एकाच पदार्थावर विसंबून न राहता साखर, इथेनॉल आणि वीज यांचा मेळ ठेवावा. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर काढावा.

सरकारी सवलतींचे सांगायचे तर केंद्राचे आणि राज्याचे नियम वारंवार बदलतात. "सवलत आहे" एवढ्या तोंडी शब्दावर सही करू नये. कोटेशनमध्ये रक्कम लिहून घ्यावी आणि बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, ते कागदावर वाचावे.

निघताना काकांना आम्ही विचारले, "मग काका, पुन्हा घ्यायची झाली तर घ्याल का?" ते म्हणाले, "घेईन. पण पावसाळ्यात वीज गेली की जुनीला किक मारतो, तेव्हा तिचं पण बरं वाटतं."

आपल्याकडेही रात्रीच्या पाळीला मोटार चालू करायला जावे लागते, वादळात तारा तुटतात, ओढ्याला पाणी येते. तेव्हा अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. ज्या सभासदांनी अशी गाडी वर्षभर वापरली आहे त्यांनी किलोमीटर, वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च लिहून आपल्या गट कार्यालयात द्यावा. चांगला-वाईट दोन्ही अनुभव आम्ही पुढील अंकात छापू. परगावच्या दुकानदाराच्या कागदापेक्षा आपल्याच शिवारातला आकडा सभासदांच्या अधिक कामाचा आहे.